समासातले प्रश्न

‘हे तुला कशावरून कळले?’ माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाचा पहिला मसुदा मार्गदर्शिकेकडून परत आला, तेव्हा उजव्या समासात हा एकच प्रश्न नऊ ठिकाणी लिहिलेला होता. मी तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्याच्या वायव्य कोपऱ्यातल्या माउंट आयसा या खाणीच्या गावात स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले होते. प्रश्न विचारणाऱ्या बाई दोन हजारांहून अधिक किलोमीटर दक्षिणेला, मी तोवर कधीही न पाहिलेल्या एका इमारतीत बसल्या होत्या. मूळ प्रश्न इंग्रजीत होता, पण मनात तो मराठीतच उमटला, आणि ‘तुम्हाला’ असा न उमटता ‘तुला’ असा उमटला. पुढची सात वर्षे समासातल्या त्या ‘तुला’ने मला जे शिकवले, ते इथे लिहून ठेवावे असे पदवी हाती आल्यापासून वाटत होते.

मी मूळची मिरजेची. तिथे नऊ वर्षे प्राथमिक शिक्षिका होते. पती खाण अभियंता आहेत. त्यांच्या नोकरीमुळे २०११ मध्ये आम्ही माउंट आयसाला आलो, आणि दोनतीन वर्षे राहू असे म्हणता म्हणता इथलेच झालो. गावाच्या डोक्यावर शिसे वितळवणाऱ्या भट्टीचे २७० मीटर उंचीचे धुराडे आहे, भोवती तांबड्या टेकड्या आणि स्पिनिफेक्स नावाच्या टोकदार गवताचे झुबके आहेत, आणि लायकार्ट नदीचे पात्र वर्षाचे बहुतेक महिने कोरडे असते. पूर्वेच्या किनाऱ्यावरचे टाउन्सविल इथून सुमारे ९०० किलोमीटर आहे, आणि जवळचे मोठे शहर म्हणायचे ते तेच. अशा ठिकाणी राहून पीएचडी करायची तर ती दुरूनच करावी लागणार, हे उघड होते. मला आश्चर्य वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. हा माझ्यापुरता काढलेला आडमार्ग असेल अशी माझी समजूत होती, पण या देशात ती चांगली रुळलेली वाट होती.

क्वीन्सलंड विद्यापीठाने १९११ मध्ये अध्यापन सुरू केले, तेव्हापासूनच ते पत्राद्वारे शिकवत होते. न्यू साउथ वेल्समधल्या आर्मिडेल गावचे न्यू इंग्लंड विद्यापीठ १९५४ मध्ये स्वतंत्र झाले आणि पुढच्याच वर्षी त्याने बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना टपालाने शिकवण्याचे काम हाती घेतले. त्याचा पहिला मोठा वर्ग खेड्यापाड्यांतल्या शिक्षकांचा होता. शाळेची गोष्ट तर विद्यापीठांहूनही विलक्षण आहे. १९२९ मध्ये आल्फ्रेड ट्रेगर यांनी तयार केलेला पायंडल मारून चालवायचा रेडिओ माउंट आयसापासून सव्वाशे किलोमीटरवरच्या क्लॉनकरी भागात पहिल्यांदा वापरात आला, तो विमानाने डॉक्टर पोचवणाऱ्या फ्लाइंग डॉक्टर सेवेसाठी. त्या सेवेचे पहिले विमानही १९२८ मध्ये क्लॉनकरीहूनच उडाले होते. डॉक्टरांसाठी उभारलेल्या याच जाळ्यावरून मुलांना शिकवता येईल, ही कल्पना अ‍ॅडलेड मिएत्के या शिक्षिकेने मांडली आणि १९५१ मध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्जला पहिली ‘स्कूल ऑफ द एअर’ सुरू झाली. आमच्या गावातही अशी शाळा आहे. ती क्लॉनकरीहून १९६४ मध्ये इथे आली. रेडिओची खरखर आता इतिहासजमा झाली असून वर्ग इंटरनेटवर भरतात, पण विद्यार्थी तिथेच आहेत: शेकडो किलोमीटर पसरलेल्या गुरांच्या रानांत. या रानांना इथे ‘स्टेशन’ म्हणतात. एकेका स्टेशनवर हजारो गुरे आणि बहुधा एकच कुटुंब असते.

माझा विषय मला त्या शाळेत बदली शिक्षिका म्हणून काम करताना सापडला. पडद्यावर मुलाचा चेहरा दिसे, आणि त्याच्या खांद्यामागे, चौकटीच्या कडेला, एक हात दिसे. तो हात पान उलटून देई, पेन्सिल पुढे करी, कधी मुलाच्या पाठीवर ठेवलेला असे. त्या हाताच्या माणसाला शाळेच्या भाषेत ‘होम ट्युटर’ म्हणतात. बहुतेक घरांत ती आई असते. काही घरांत शहरातून वर्षभरासाठी आलेली एखादी तरुणी असते, तिला सगळे लाडाने ‘गव्ही’ म्हणतात. शिक्षिका दिवसातून तासभर दिसते, उरलेली शाळा हा हात चालवतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत चाळीस मुलांसमोर उभे राहण्याची सवय असलेल्या मला प्रथमच असे वाटले, की इथे शिकवणारी मी नाहीच, शिकवणारी तिकडे चौकटीच्या बाहेर बसली आहे, आणि तिला जे कळते ते कुणी लिहून ठेवलेले नाही. स्टेशनवरच्या आया मुलांना वाचायला कशा शिकवतात, हा माझ्या प्रबंधाचा विषय झाला तो असा.

भारतात पीएचडी म्हटली की आधी प्रवेशपरीक्षा आठवते, मग मुलाखत, मग कोणत्या गाइडकडे जागा रिकामी आहे याची चौकशी. इथे मला परीक्षा द्यावी लागली नाही. आधी संशोधनाचा अनुभव असल्याचे दाखवावे लागते. तो मी दूरस्थ पद्धतीने केलेल्या एम.एड.मधल्या लघुप्रबंधातून दाखवला. त्याहून अवघड काम म्हणजे मार्गदर्शक शोधणे. विषयाचे दोन पानी टिपण लिहून मी चार प्राध्यापकांना ईमेल पाठवली. दोघांचे उत्तर आले नाही, एकांनी नम्रपणे नकार दिला आणि चौथ्या बाईंनी टिपणाच्या समासात सात प्रश्न लिहून पाठवले. त्यांची उत्तरे लिहायला मला तीन आठवडे लागले. प्रवेशाचे पत्र नंतर आले, पण माझी पीएचडी त्या तीन आठवड्यांतच सुरू झाली, असे मी मानते.

२०१७ मध्ये मी अर्धवेळ विद्यार्थिनी म्हणून नाव नोंदवले. पूर्णवेळ पीएचडीला इथे तीन ते चार वर्षे धरतात, अर्धवेळ करणाऱ्याला त्याच्या दुप्पट. त्याच वर्षी इथल्या केंद्र सरकारने ‘रिसर्च ट्रेनिंग प्रोग्राम’ या नावाने संशोधनशिक्षणाच्या मदतीची नवी व्यवस्था सुरू केली होती. तिच्यामुळे नागरिकांना आणि कायम रहिवाशांना संशोधनपदवीची फी भरावी लागत नाही. मला विद्यावेतन नव्हते आणि मी नोकरी सोडली नव्हती, पण फी नव्हती हे फार मोठे होते. ग्रंथालय पुस्तके टपालाने पाठवत असे आणि परतीच्या टपालाचा खर्चही तेच सोशीत असे. नॅशनल लायब्ररीच्या ‘ट्रोव्ह’ या संग्रहात जुनी वर्तमानपत्रे घरबसल्या वाचता येतात. पन्नास आणि साठच्या दशकांत स्टेशनवरच्या बायकांनी संपादकांना लिहिलेली पत्रे मी रात्रीची वाचत बसे, तेव्हा खाणीतल्या सुरुंगांचा हादरा बसून टेबलावरचा कप किणकिणत असे. साधनांवाचून माझे काही अडले, असे मला म्हणता येणार नाही.

अडले ते दुसरीकडेच. मार्गदर्शिकेशी माझी पंधरा दिवसांनी एकदा पडद्यावर भेट ठरलेली असे. क्वीन्सलंडमध्ये उन्हाळ्यात घड्याळे पुढे करत नाहीत, दक्षिणेत करतात. त्यामुळे त्यांचे नऊ वाजत तेव्हा वर्षातले सहा महिने माझे आठच वाजलेले असत, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या बैठकीला मी हमखास उशिरा पोचे. सुरुवातीला सर्वांत अवघड गेले ते त्यांना नावाने हाक मारणे. आमच्याकडे गुरूला ‘सर’ किंवा ‘बाई’ म्हटल्यावर बोलण्याला एक टेकू मिळतो, अंतरही ठरते आणि आधारही मिळतो. इथे नुसते नाव. पहिले वर्षभर मी वाक्यांची अशी रचना करत असे की हाकच मारावी लागू नये. त्यांनी ते ओळखले होते, असे त्यांनी पुढे मला सांगितले, पण त्या थांबल्या, आणि त्या थांबल्या म्हणून मला जमले.

बैठक अर्ध्या तासात संपे. बैठकीत काय ठरले याचे टिपण विद्यार्थ्याने लिहून चोवीस तासांत पाठवायचे, असा आमचा शिरस्ता होता. एकाच इमारतीत बसणाऱ्यांना हे टिपण ही कटकट वाटते, कारण राहिलेले बोलणे दुपारी जिन्यात पुरे होते. मला जिना नव्हता. जे टिपणात आले नाही ते बोललेच गेले नाही, आणि जे मसुद्यात आले नाही ते मी विचारात घेतलेच नाही, असा त्याचा अर्थ होई. पहिल्या काही महिन्यांत मला हे फार कठोर वाटले. मला पुष्कळ काही ठाऊक होते. नऊ वर्षे मुलांना शिकवले होते, स्टेशनवरच्या आयांशी रोज बोलत होते. पण ते ठाऊक असणे माझ्या स्वरात, हातवाऱ्यांत, चेहऱ्यावर होते, आणि या तिन्ही गोष्टी ईमेलला जोडून पाठवता येत नाहीत. ‘ग्रामीण भागातल्या आयांना वाचन शिकवण्याविषयी न्यूनगंड असतो,’ असे मी लिहिले होते. समासात आले: ‘हे तुला कशावरून कळले?’ मी उत्तर लिहायला बसले आणि माझ्या लक्षात आले, की हे वाक्य एका आईच्या एका दिवसाच्या थकव्यावरून, आणि काहीसे माझ्या मिरजेच्या आठवणींवरून बनलेले होते. मी ते काढून टाकले. समोरासमोर असते तर मी हसून, मान हलवून, ‘अहो, असतोच ना,’ असे म्हणाले असते आणि कदाचित ते चालूनही गेले असते.

सुमारे दीड वर्षाने ‘कन्फर्मेशन’ असते. तोवरचा विद्यार्थी हंगामी मानला जातो. संशोधनाचा सविस्तर आराखडा लिहायचा, समितीपुढे मांडायचा, आणि समितीला तो पटला तरच पुढे जायचे. मी पलंगाच्या खोलीत, मागे पांढरी चादर टांगून, साडी नेसून बसले होते. साडी त्यांना निम्मीच दिसणार होती, पण नेसल्याशिवाय मला बोलता आले नसते. चाळीस मिनिटे मांडणी झाली, तासभर प्रश्न झाले. मग समितीला आपसांत बोलायचे होते म्हणून मला बाहेर काढले गेले, म्हणजे पडदा काळा झाला. पंधरा मिनिटांनी परत बोलावून त्यांनी अभिनंदन केले, सगळ्यांनी हात हलवले आणि पडदा पुन्हा काळा झाला. पती पाळीवर होते, मुलगी शाळेत. मी चादर काढून घडी घातली. घरात फ्रीजचा आवाज तेवढा होता. सात वर्षांतली सर्वांत एकाकी घटका कोणती असे कुणी विचारले, तर मी हीच सांगेन. ती अपयशाची नव्हती, यशानंतरची होती. दुरून शिकणाऱ्याचे दुःख सोसायला माणसे तयार असतात, पण आनंद वाटून घ्यायला कुणी शेजारी नसते. संध्याकाळी मी जतजवळच्या वस्तीवर एकशिक्षकी शाळा चालवून निवृत्त झालेल्या माझ्या आईला फोन केला. ती म्हणाली, ‘आमच्या वेळी तपासणी होऊन गेली की मी एकटीच चहा करून पीत असे. तू पण कर.’ मी केला.

त्यानंतर नीतिविषयक समितीची मान्यता. माणसांविषयी कोणतेही संशोधन करायचे तर विद्यापीठाच्या या समितीपुढे अर्ज करावा लागतो, आणि राष्ट्रीय पातळीवरच्या निवेदनातील तत्त्वांनुसार तो तपासला जातो. कोणाला काय विचारणार, संमती कशी घेणार, ध्वनिमुद्रण कुठे ठेवणार, कुणी मध्येच नको म्हटले तर काय करणार, हे सगळे साध्या भाषेत लिहायचे असते. हे निव्वळ कागदी सोपस्कार आहेत अशी तक्रार मी पुष्कळांकडून ऐकली आहे, पण मला ती मान्य नाही. माझ्या अर्जातले ‘सहभागी स्त्रियांची नावे बदलली जातील’ हे वाक्य परत आले आणि बाजूला लिहिलेले होते की एवढे पुरेसे नाही. ते खरेच होते. शहरात नाव बदलले की माणूस लपतो. आमच्या भागात नदीचे नाव, मुलांची संख्या आणि घरात गव्ही आहे की नाही, एवढे सांगितले की दोनशे किलोमीटरवरचा माणूसही त्या घराचे नाव सांगतो. मग मी नद्या काढल्या, मुलांचे वय दोन वर्षांच्या पट्ट्यात टाकले, एका घरातले दोन प्रसंग दोन वेगळ्या प्रकरणांत ठेवले. असे करताना लिखाण फिके झाले, हे खरे. पण त्या बायकांना त्याच भागात राहायचे होते, आणि मलाही.

२०१९चा जानेवारी संपत आला होता. आमच्या भागात कित्येक वर्षांचा दुष्काळ होता, आणि पाऊस आला तेव्हा लोकांनी अंगणात उभे राहून तो अंगावर घेतला. मग तो थांबेना. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात क्लॉनकरी, जुलिया क्रीक, मॅकिन्ली हा सगळा पट्टा पाण्याखाली गेला. त्यात गार वारा सुटला. दुष्काळाने हडकुळी झालेली गुरे चिखलात अडकून, गारठून मेली. सुमारे पाच लाख गुरे गेली असा अंदाज पुढे देण्यात आला. टाउन्सविलला जाणारा रेल्वेमार्ग वाहून गेला आणि कित्येक आठवडे बंद राहिला. माझ्या यादीतल्या जवळजवळ निम्म्या मुलाखती याच पट्ट्यात होत्या, त्यांतल्या चार फेब्रुवारीत ठरलेल्या. मी मार्गदर्शिकेला लिहिले की मी मुलाखती पुढे ढकलते आहे. त्यांचे उत्तर एका ओळीचे होते: ‘सध्या तू तिथे संशोधक आहेस की शेजारीण, ते आधी ठरव.’ मी रजेचा अर्ज केला. इथे अभ्यासक्रमातून काही महिने रजा घेता येते आणि तेवढा काळ मुदतीत धरत नाहीत. सहा महिने मी एकही ध्वनिमुद्रण केले नाही. गावातल्या सभागृहात खोकी भरणे, फोन लागला तर बोलणे आणि नाही लागला तर पुन्हा लावणे, एवढेच केले.

रजेवरून परतल्यावर प्रबंधात या पुराविषयी एक परिच्छेद लिहिणे भाग होते. मी लिहिले, ‘पुराच्या काळात मुलांचे शिक्षण पूर्णपणे थांबले.’ इतके उघड सत्य दुसरे असू शकत नव्हते. वीज नाही, उपग्रहाचे इंटरनेट नाही, दारात मेलेली गुरे. समासात तोच प्रश्न आला: ‘हे तुला कशावरून कळले?’ मला राग आला. दक्षिणेत सुरक्षित बसून कुणी हे विचारावे, याचा राग. दोन दिवस मी उत्तर दिले नाही. तिसऱ्या दिवशी मी एका आईला फोन केला, आणि भीतभीतच विचारले की त्या दिवसांत शाळेचे काय झाले होते. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली की हे आजवर कुणी विचारले नाही. मग तिने सांगितले, की त्या अकरा दिवसांत त्यांच्या घरात रोज सकाळी टेबलावर वाचन झाले. कार्यपत्रिका नव्हत्या, म्हणून औषधांच्या डब्यांवरची, खताच्या पोत्यांवरची अक्षरे वाचली. नवरा बाहेरून परत येई तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे मुलांनी पाहू नये, त्यांचे डोळे कागदावर असावेत, म्हणून वाचन. ती म्हणाली, ‘त्या दिवसांत मी त्यांना शिकवत नव्हते, मी त्यांना धरून ठेवत होते.’ पुढच्या महिन्यांत मी इतरांना विचारले. काही घरांत खरेच सगळे थांबले होते, काही घरांत असे काही ना काही चालू होते. माझ्या प्रबंधाचे पाचवे प्रकरण, जे पुढे परीक्षकांना सर्वांत मोलाचे वाटले, ते या उत्तरांचे आहे. ते समासातल्या प्रश्नावर आलेल्या रागातून निघाले, हे मी मार्गदर्शिकेला कळवले तेव्हा त्यांनी लिहिले की मसुदा परत पाठवताना त्यांनाही हा प्रश्न लिहावा की नाही असे वाटत होते.

मार्च २०२० मध्ये देशाच्या सीमा बंद झाल्या, विद्यापीठे ओस पडली आणि एका आठवड्यात सगळेच दुरून शिकणारे झाले. मला हे म्हणताना संकोच वाटतो, कारण त्या काळाने अनेकांचे फार हाल केले. सुट्टीसाठी पुण्याला गेलेली ओळखीची एक संशोधक मुलगी दीड वर्षाहून अधिक काळ परतू शकली नाही आणि प्रयोगशाळेपासून तुटली. पण माझ्या विभागाची शुक्रवारची व्याख्याने पडद्यावर आली आणि तीन वर्षांत प्रथमच मी ती ऐकली. व्याख्यानानंतर कुणी उगाच रेंगाळते, कुणी आपल्या अडलेल्या प्रकरणाविषयी बोलते, दुसरा म्हणतो माझेही तिथेच अडले होते. हे सगळे जिन्यातले बोलणे माझ्याविना होत होते, हे मला माहीत होते. ते ऐकल्यावर ते किती होते, हे कळले. सकाळी सात ते आठ पडद्यासमोर एकत्र बसून कुणीही न बोलता लिहायचे, असा एक गटही तेव्हा जमला. त्यातल्या सहा जणांचे चेहरे, त्यांच्या मागची कपाटे आणि मांजरे यांच्या सोबतीने मी प्रबंधाचा अर्धा भाग लिहिला. वर्ग पुन्हा प्रत्यक्ष सुरू झाल्यावर व्याख्याने पडद्यावरून गेली. तो गट मात्र टिकला.

महाराष्ट्रातून काही जण मला विचारतात, की नोकरी सांभाळून, घरी बसून ऑस्ट्रेलियाची पीएचडी करता येईल का. काही विद्यापीठे देशाबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याला दुरून संशोधन करू देतात, परंतु परदेशी विद्यार्थ्याला फी माफ नसते आणि ती मोठी असते. विद्यार्थी व्हिसावर इथे आल्यास पूर्णवेळच शिकावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएचडी चालवता येत नाही, आणि परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसाठी २०२५ मध्ये केलेल्या नियमांतही प्रत्यक्ष उपस्थितीने शिकल्याची अट आहे. भारतात प्राध्यापक व्हायचे असेल तर फी भरण्याआधी याची लेखी खात्री करून घ्यावी, असे मी प्रत्येकाला सांगते. आठ वर्षे घातल्यावर हे कळणे फार वाईट.

२०२४ मध्ये मी प्रबंध सादर केला. मुलाने किंवा मुलीने प्रबंध दिला की आमच्याकडे पुढचा प्रश्न असतो, व्हायवा, म्हणजे मौखिक परीक्षा, कधी. ऑस्ट्रेलियात पीएचडीच्या पहिल्या पदव्या दिल्या गेल्या त्या १९४८ मध्ये, मेलबर्न विद्यापीठात. परीक्षक बहुधा समुद्रापलीकडचे, त्यांना बोलावणे परवडण्याजोगे नव्हते, म्हणून प्रबंध तेवढा पाठवायचा आणि त्यांनी लेखी अहवाल द्यायचा, अशी पद्धत पडली. आता काही विद्यापीठांनी मौखिक परीक्षा आणली आहे, पण माझी झाली नाही. हे मला कळले तेव्हा माझ्या मनातली एक जुनी गाठ सुटली. आपण दुरून केले म्हणून आपले काहीतरी कमी, असे मला आत कुठेतरी वाटत होते. पण विद्यापीठाच्या शेजारच्या खोलीत बसून ज्याने लिहिले, त्याचा प्रबंधही शेवटी अनोळखी माणसांच्या हाती एकटाच जातो. तिथे त्याच्या वतीने बोलायला कुणी नसते. माझ्या प्रत्येक वाक्याला सात वर्षे तशीच सवय झाली होती.

माझ्या दोन्ही परीक्षकांचे अहवाल तीन महिन्यांनी आले. किरकोळ दुरुस्त्या सांगितल्या होत्या. एकाने पाचव्या प्रकरणातल्या एका विधानाजवळ विचारले होते की याला आधार काय. मी वाचून हसले, आणि मग लगेच पान उघडून कामाला लागले.

दुरुस्त्या मान्य झाल्यावर प्रबंध विद्यापीठाच्या संग्रहात गेला. ज्या आयांनी मागितली होती त्यांना मी छापील प्रत टपालाने पाठवली. स्टेशनांवर टपालाची गाडी आठवड्यातून एकदाच जाते, म्हणून पोचायला वेळ लागला. दोन महिन्यांनी एक प्रत परत आली, त्याच पाकिटात घालून. आत चिठ्ठी होती: वाचून झाले, आवडले, एक चूक आहे ती बघा, आणि बघून झाले की प्रत परत पाठवा. पाचव्या प्रकरणाच्या एका पानावर, उजव्या समासात, पेन्सिलीने लिहिले होते, ‘पाऊस सकाळी सुरू झाला नाही. आदल्या रात्री झाला. मी उठून खिडक्या लावल्या.’

मी तिच्या मुलाखतीचे ध्वनिमुद्रण काढून ऐकले. ती म्हणते, ‘सकाळी पाहिले तर पाऊस होता.’ सुरू झाला असे ती कुठेही म्हणत नाही. ते मी म्हटले होते. जमा झालेल्या प्रबंधाला शुद्धिपत्र जोडता येते का, असे मी ग्रंथालयाला विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही, आणि ती प्रत माझ्या टेबलावर आहे.